दहा तासांचा दावा

सॅनिटरी पॅडच्या कारखान्यात प्रयोगशाळा असते हे कळल्यावर लोक आधी गप्प होतात आणि मग हवापाण्याविषयी बोलू लागतात. तिला याची अकरा वर्षांची सवय होती. काम तसं साधं होतं. टेबलावर पॅड सपाट ठेवायचा, नळीतून त्यावर थेंब थेंब निळं पाणी सोडायचं, वर ठरलेलं वजन ठेवायचं आणि तो कधी हार मानतो ते घड्याळात बघायचं. ओल्या वजनातून कोरडं वजन वजा केलं की बाकी उरते ती त्या पॅडची लायकी. पाणी निळंच का, असं कोणी विचारलंच तर ती सांगायची, "लाल ठेवलं तर साहेबांना कसंतरी होतं." कारखान्यात तिला थेंबबाई म्हणत. पाकिटावर 'दहा तास निश्चिंत' असं जे छापलेलं असे, त्यामागे तिची सही होती.

अशा बाईने स्वतःच्या बाळंतपणानंतर काय वापरायचं हे दुकानदारावर सोडणं शक्यच नव्हतं. सातव्या महिन्यात तिने सात कंपन्यांची पाकिटं जमवली. रजा सुरू झाली की घरी बसून त्यांची रीतसर चाचणी घ्यायची, तक्ता करायचा आणि पहिल्या आठवड्यासाठी एक, पुढच्यासाठी दुसरा असा निकाल लावायचा, हा तिचा बेत होता. पण लेकीने आईच्या तक्त्याची वाट पाहिली नाही. सात आठवडे आधीच, ऐन कामाच्या दिवशी, तिसऱ्या नमुन्यावर निळे थेंब पडत असताना तिने यायचं ठरवलं आणि त्याच दिवशी चार वाजता ती आलीसुद्धा.

थेंबबाईला तिची फक्त एक टाच दिसली. हिरव्या फडक्यातून बाहेर आलेली, बोराएवढी. मग फडकं दाराबाहेर गेलं.

पोरीचं वजन भरलं एक हजार चारशे साठ ग्रॅम. बाप बस कंपनीत वेळापत्रकं बनवायचा. बस वेळेवर येत नसे, पण वेळापत्रक नेहमी वेळेवर येई आणि त्याबद्दल त्याला वाजवी अभिमान होता. आकड्यांवाचून त्याला चैन पडत नसे. त्याने लेकीचं नाव लगेच ठेवून टाकलं, चौदाशेसाठ.

"हे काय नाव झालं?" तिने खाटेवरून विचारलं.

"तात्पुरतं आहे," तो म्हणाला. "वाढत जाईल."

ते आधी घटलं. अशी बाळं पहिल्या दिवसांत थोडी उतरतातच, असं डॉक्टरांनी समजावलं. पाचव्या दिवशी चौदाशेसाठ तेराशेनव्वदवर येऊन थांबली.

दरम्यान निवडीचं काम इतरांनी परस्पर उरकलं होतं. वॉर्डातून तिला जाळीच्या कापडात गुंडाळलेले कापसाचे जाड गठ्ठे मिळाले. ते घालून चाललं की आपण बैलगाडी ओढतोय असं वाटे. नवऱ्याने धावत जाऊन चौदा पाकिटं आणली. सगळी सर्वांत पातळ, आणि प्रत्येक पाकिटावर एक मुलगी हवेत उडी मारत होती. टाके घातलेल्या थेंबबाईने ते चित्र दोन मिनिटं बघितलं आणि पाकिटं उशीखाली ठेवली. उशी निदान उंच झाली. तिसऱ्या दिवशी आई आली ती कापडी पिशवी घेऊन. जुन्या सुती चादरी फाडून, उकळून, इस्त्री करून तिने चौकोनी घड्या केल्या होत्या.

"आई, मी अकरा वर्षं याच धंद्यात आहे."

"माहितेय. पण तू कधी बाळंत नव्हतीस त्या अकरा वर्षांत."

घड्या कपाटात गेल्या. थेंबबाईच्या डोक्यात वेगळंच गणित चालू होतं.

त्या गणिताचं कारण म्हणजे एनआयसीयूचं दार. पोरगी त्या दारापलीकडे काचेच्या पेटीत होती. दार दर तीन तासांनी उघडे, सहाला, नऊला, बाराला, असं, आणि अर्ध्या तासाने बंद होई. एका बाळापाशी एकच माणूस. दारात ताप बघत. ताप असेल तर परत. आत गेलेलं माणूस हवं तितकं बसू शके, पण एकदा बाहेर पडलं की पुन्हा कोपरापर्यंत हात धुवायचे, झगा चढवायचा आणि दार बंद व्हायच्या आत पोचायचं. संडास बाहेर, लांबलचक बोळाच्या टोकाला. बाळांच्या आया अकरा, संडास एक, नळ दोन, वेळ अर्धा तास. टाके घातलेली बाई भिंतीला धरून चालते. बाराला बाहेर पडलेली आई बारा पस्तीसला परत येई, दाराच्या काचेला नाक लावी आणि तीन वाजेपर्यंत बाकावर बसे. हे थेंबबाईच्या वाट्याला पहिल्याच दिवशी दोनदा आलं.

आणि आत काय होतं? पेटीला दोन गोल भोकं होती. त्यातून हात घालता येई. उचलता येत नसे. मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "जन्माचं वजन भरून काढू द्या तिला. त्या दिवशी तुमच्या छातीशी देईन." त्यांनी हे भाजी निवडत असल्यासारखं सांगितलं, पण थेंबबाईने ते वाक्य पदराला गाठ मारावी तसं मनात बांधून ठेवलं. तोवर ती हात आत घालून एक बोट पोरीच्या तळव्याला लावून बसे. पाच बोटं त्या एका बोटाभोवती मिटत. पकडीला काही वजन नव्हतं. तिला नुसत्या हाताने ग्रॅमचा अंदाज येत असे, पण इथे तिला आकडा सापडेना.

हे सोडून संडासाच्या रांगेत उभं राहायचं? तिने निवड केली. अकरा वर्षांच्या अनुभवाने, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या सहीवर भरवसा ठेवून केली. कारखान्यातला सर्वांत लांब, सर्वांत जाड, रात्रपाळीचा पॅड, आणि वरून त्याच कंपनीची मोठ्या माणसांची लंगोटासारखी चड्डी. दहा तास निश्चिंत. सकाळी नऊला ती आत गेली आणि संध्याकाळी सहाला बाहेर आली. पाणी बेताने प्यायची. बाकीच्या दहा आया येत-जात, काचेबाहेर अडकत, आणि तिच्याकडे असूयेने बघत. तिने दोघींना चड्डीचं नावही सांगितलं. खाली थेंबही आला नाही. गळती शून्य. तिला तो तक्त्यात लिहिण्यासारखा निकाल वाटला.

या नेमाच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी तिला हुडहुडी भरली. नवरा म्हणाला, पंखा बंद करू का. पंखा बंदच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दारातल्या यंत्राने शंभर पॉइंट दोन दाखवलं. मोठ्या सिस्टरनी ते दोनदा लावून बघितलं आणि तिला बाजूला घेतलं.

"वास येतोय का?"

थेंबबाईने खाली बघून मान हलवली. येत होता. कालपासून.

"शेवटचं कधी बदललंत?"

"काल दिवसभर एकच होता. नऊ ते सहा." मग धंद्याचा अभिमान आडवा आला. "पण भरला नव्हता, सिस्टर. चाळीस टक्के तरी जागा शिल्लक होती."

सिस्टरनी यंत्र खिशात टाकलं. "तो किती भरला ते मी विचारलं नाही. किती वेळ होता ते विचारलं. तुमच्या आत, वार सुटली तिथे, बशीएवढी उघडी जखम आहे, बाई. तिच्या दाराशी तुम्ही नऊ-नऊ तास रक्त साठवून ठेवलंत, वर उबेला बसलात. जंतूंना आणखी काय हवं? दर तीन-चार तासांनी बदलायचं, भरो न भरो. आणि बदलताना बघायचं. रंग काय, गाठी किती, वास कसा. पॅड नुसतं शोषायला नसतो, आम्हाला सांगायला असतो."

अकरा वर्षांत असं कोणी सांगितलं नव्हतं. निळ्या पाण्याला गाठी होत नाहीत आणि वासही येत नाही. टेबलाला जखम नसते.

"मी आत येऊ ना?" तिने विचारलं.

"गोळ्या सुरू करा. दोन दिवस घरी थांबा. तिसऱ्या दिवशी ताप नसेल तर या."

"ती चौदाशेपस्तीस झालीय, सिस्टर."

"मला माहितेय किती झालीय ते. मीच तोलते तिला."

दार बंद झालं. काचेतून चार नंबरच्या, लेकीच्या पेटीचा फक्त एक कोपरा दिसत होता.

घरी आईने कपाटातून घड्या काढल्या आणि बाथरूमच्या फळीवर ठेवल्या. शेजारी एक झाकणाची बादली आणि गजराचं घड्याळ. "तीन तासांनी," एवढंच म्हणाली. तो मऊपणा अंगाला लागला तेव्हा थेंबबाईला कळलं की ही तिची लहानपणची चादर, निळ्या फुलांची. फुलं आता जवळजवळ गेली होती. तिने त्यावर कोणतीही चाचणी घेतली नाही. पण बदलताना बघितलं. सिस्टरनी सांगितलं तसं, रंग, गाठी, वास. तिच्या सगळ्या नोकरीत तिने इतक्या लक्षपूर्वक काही बघितलं नव्हतं.

"गरम पाणी घे," आई दाराबाहेरून म्हणाली. "आणि रडायचं असेल तर नळ सोडून रड, म्हणजे मला ऐकू येत नाही असं मला म्हणता येईल."

"रडत नाहीये."

"मग नळ कशाला सोडलास?"

नवऱ्याने रजा टाकली आणि तो तिच्या जागी पेटीपाशी बसला. तो दर तीन तासांनी बोळातून फोन करी. आत दर तीन तासांनी बाळांचे लंगोट बदलत, आणि बदललेला प्रत्येक लंगोट तोलून कागदावर लिहीत, बाळाने किती शू केली हे कळावं म्हणून. ओलं वजन वजा कोरडं. थेंबबाईने हे पहिल्या दिवशी बघितलं तेव्हा तिला परक्या गावात आपली भाषा ऐकू यावी तसं झालं होतं.

"नऊ वाजताचा, एकवीस," नवरा सांगे.

"कोरडं वजा करून?"

"थांब, विचारतो." मग लांबून सिस्टरचा आवाज, आणि परत नवरा. "त्या म्हणतायत, करतो आम्ही, बाई. नऊ वजा. म्हणजे बारा."

बारा वाजता गजर वाजे. ती उठे, बाथरूममध्ये जाई, घडी बदले. त्याच मिनिटाला तिकडे गोल भोकांतून कोणाचे तरी हात आत जात, तिच्या नव्हेत, आणि लेकीचा लंगोट बदलत. दोघींचं एकाच वेळापत्रकावर चाललं होतं. मध्ये फक्त अर्धं शहर होतं. तीनला पुन्हा. सहाला पुन्हा. ती गजराच्या आधीच जाऊन फळीपाशी उभी राहू लागली, जणू लवकर गेलं तर काहीतरी लवकर होईल. दूध भरून येई. पंपाने काढून बाटलीत भरायचं आणि नवऱ्याने पिशवीत बर्फ घालून न्यायचं. ते तरी आत जात होतं.

घरी बसल्याच्या पहिल्या दिवशी दुपारी साहेबांचा फोन आला. अभिनंदन वगैरे झालं. मग म्हणाले, "थेंबबाई, तुमच्या रजेत त्रास देत नाही, फक्त एक सही. खास बाळंतिणींसाठी नवीन पॅड काढतोय. तुमच्या माणसांनी चाचणी केलीय. बारा तास निघतात."

"उताणा ठेवून की बसून?"

"म्हणजे?"

"टेबलावर ठेवून बारा तास, की एखादी बाई त्यावर बसून?"

साहेबांनी घसा साफ केला. असे आवाज आले की ते हवापाण्याकडे वळणार हे तिला माहीत होतं, म्हणून तीच पुढे बोलली. "सही करते. तीन तास लिहा."

"तीन तास? पाकिटावर? अहो, तीन तासांचा पॅड कोण घेईल?"

"जिला तीन तासांनी परत आत जायचंय ती घेईल."

साहेब म्हणाले, तुम्ही आराम करा, शुक्रवारी बोलू. तिला ठाऊक होतं की शुक्रवारपर्यंत त्यांना दुसऱ्या कोणाची तरी सही मिळेल. दहा तासांखाली तिने स्वतःही अशीच, चहा पिता पिता सही केली होती.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. सकाळी नव्याण्णवच्याही खाली. नऊ वाजता फोन वाजला, पण लंगोटाचा आकडा आला नाही.

"काय झालं?"

"काही नाही. चौदाशेबासष्ट."

ती बाथरूमच्या उंबऱ्यात बसली. वर आणखी दोन ग्रॅम. पोरीने आपलं नाव भरून काढलं होतं.

"सिस्टर म्हणतायत," तो अडखळला, "आज देता येईल छातीशी. म्हणजे मला. तू नाहीस म्हणून. म्हटलं आधी तुला विचारतो. मी नको म्हणू शकतो. उद्या तू आल्यावर..."

तिने फळीवरच्या घडीकडे बघितलं. उद्या म्हणजे चोवीस तास, आठ लंगोट. एवढा वेळ पोरीने काचेतच राहायचं, का, तर आईला पहिला नंबर हवा म्हणून. तिला तो हवाच होता. इतका हवा होता की दात दुखत होते. वॉर्डातल्या कापसाच्या गठ्ठ्यावर ती नीट बसली असती, तीन तासांनी मुकाट्याने उठली असती, रांगेत उभी राहिली असती, तर आज नऊ वाजता तिथे ती असती. तिने वाचवलेले सगळे तास तिच्याकडून एकदम वसूल झाले होते.

"घे," ती म्हणाली.

"नक्की?"

"शर्ट काढ. हात गार असतील तर आधी गरम कर. आणि फोन ठेव."

बाराला गजर वाजला तरी फोन आला नाही. सव्वाबाराला आला.

"कशी आहे?" तिने विचारलं.

"वजन लागत नाही गं," आकड्यांचा माणूस म्हणाला. "ऊबच लागते नुसती. आणि ती काहीतरी शोधत होती. माझ्याकडे नव्हतं ते."

या वेळी तिने नळ सोडला नाही. आई आत आली आणि शेजारी उंबऱ्यातच बसली. दोघी बसल्यावर उंबरा पुरेना.

तिसऱ्या दिवशी यंत्राने अठ्ठ्याण्णव पॉइंट चार दाखवलं. मोठ्या सिस्टरनी एकदाच बघितलं. दाराशेजारच्या भिंतीवर एक नवा कागद चिकटवलेला होता. 'संडास व हात धुणे : वेळापत्रक'. खाली अकरा पेट्यांचे क्रमांक, टाके असलेल्यांचे शेवटी, आणि प्रत्येकीपुढे सात-सात मिनिटं, दार उघडायच्या तासभर आधीपासून ते बंद होईपर्यंत. अक्षर तिच्या नवऱ्याचं. पहिल्या दिवशी फोनसाठी बाहेर आला की बाकावर बसून त्याने आयांचं चालणं घड्याळ लावून मोजलं होतं. टाके असलेल्यांना त्याने तीन मिनिटं जास्त दिली होती.

"तुमच्या यजमानांचं काम," सिस्टर म्हणाल्या. "बस कंपनीत आहेत ना? मला वाटलं कोणी पाळणार नाही."

"पाळतात?"

"कालपासून एकही आई बाहेर अडकली नाही. बसला असे प्रवासी मिळाले असते तर..." सिस्टरनी पेटी उघडली.

बाकी सगळं पटकन झालं. खुर्ची, उघडी छाती, आणि मग ती. नळ्यांसकट, लंगोटासकट, टाचांसकट. थेंबबाईचे हात सवयीने अंदाज घेऊ लागले, चौदाशे आणि किती, आणि मध्येच विसरले. पोरगी थोडा वेळ शोधत राहिली. मग तिला सापडलं, निदान वास तरी. तोंड उघडं टाकून ती आईच्या गळ्याखाली झोपून गेली.

अंगावर कारखान्याचं काही नव्हतं. निळ्या फुलांची घडी होती, आठ वाजता बदललेली. साडेदहाला तिला ती जड झाल्यासारखी वाटली. अंदाज सांगत होता की अजून कितीतरी जागा आहे, चार तास सहज, पाचसुद्धा. बाहेरच्या कागदावर चार क्रमांकापुढे लिहिलेलं होतं, अकरा पन्नास. पोरीच्या श्वासाने गळ्याखालची एक जागा दमट झाली होती. तिला वाटलं, एक फेरी चुकवावी. एकच. कोण बघतंय.

सिस्टर बघत नव्हत्या. त्या सात नंबरचा लंगोट तोलत होत्या.

अकरा सत्तेचाळीसला थेंबबाई म्हणाली, "सिस्टर, घ्या हिला."

सिस्टरनी वर बघितलं, मग घड्याळाकडे, आणि त्या आल्या. पोरगी उचलली गेली तेव्हा छातीवरची ऊब एकदम गार झाली, पांघरूण ओढून घ्यावं तशी. थेंबबाई झगा सावरत बाहेर पडली. भिंतीला धरून, एक एक पाऊल, बोळाच्या टोकापर्यंत. घडी बदलली. बघितलं. रंग फिका होत चालला होता, वास नव्हता. नवी घडी लावली. तीन नंबरची आई आधीच नळापाशी होती. तिने सरकून जागा दिली.

"मिळाली आज?" तिने विचारलं.

"मिळाली."

"मग पळ. बारापर्यंतच वेळ आहे तुझा."

नळाच्या वरच्या आरशात तिला आपल्या गळ्याखाली एक लालसर वण दिसला. लहानसा, घडी पडल्यासारखा. पोरीच्या कानाचा होता. तो हळूहळू जात होता. तिने नियमाप्रमाणे दोन्ही हात साबणाने कोपरापर्यंत धुतले, पुन्हा एकदा धुतले, आणि नळ बंद केला. कोपराच्या वर काही धुवायचा नियम नव्हता.